रपट्यावर पाणी आहे

पावसाळ्यातल्या प्रवासावर लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. हिरवे डोंगर, धबधबा, गरम भजी असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी हो म्हटलं. पण मी पांढुर्णा-सौंसर लाइनीवरच्या प्रायव्हेट बसचा कंडक्टर आहे. मी पावसाळा पाहिला तो बसच्या दारात उभा राहून, आणि त्या दाराला झडप नाही. तेव्हा हिरवळ वगैरे दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावी.

दुसरी अडचण म्हणजे मी बोलायला फार कमी. कंडक्टर आणि मुका, हे ऐकून लोक हसतात. माझ्या गाडीत ओरडायचं काम ड्रायव्हर दौलत करतो. तो स्टेअरिंगवरूनच "चला सौंसर, मोहगाव, सौंसर" करतो आणि मी मागं सामान लावतो. शिक्षण हिंदी शाळेत झालं, मराठी घरातली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत. गावाचं नाव तर लिहीतच नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याच गाडीनं जातात.

आमच्या घरी आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आई रोज पांढरं लुगडं नेसून विहारात ग्रंथवाचन ऐकायला जाते. भंतेजी सांगतात, पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं, प्रवास करू नये. हे ऐकून आली की आई मला विचारते, "मंग तू कायले फिरतं बापा?" इतक्या जुन्या काळी ठरलेली गोष्ट, पण आमच्या मालकापर्यंत अजून पोचली नाही. उलट याच महिन्यांत गाडी भरून वाहते. राखी, पोळा, महालक्ष्म्या, जामसांवलीच्या हनुमानाचे शनिवार. लेकी माहेरी येतात, सुना सासरी जातात, आणि सगळ्यांच्या हातात ओल्या छत्र्या. पूर्वी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, पावसाळ्यात छत्री टाकतात. अर्ध्या छत्र्या काळ्या. मग उतरताना जे काही होतं ते लिहिण्यासारखं नाही. एक म्हातारबा तर गाडीच्या आत छत्री उघडून बसायचे, कारण त्यांची आवडती सीट नेमकी गळक्या छताखाली. सीट बदला म्हटलं तर म्हणत, "छत तुमचं गळते, अन् उठू मी?"

हायवेनं जाणाऱ्या गाड्यांचं ठीक आहे. आमची गाडी आतून जाते, संत्र्याच्या बागा आणि कपाशीच्या वावरांमधून. वाटेत नाले आहेत आणि नाल्यांवर रपटे. रपटा म्हणजे नाल्यातच टाकलेला सिमेंटचा बुटका रस्ता. पूल पाण्याच्या वर असतो, रपटा कधी वर, कधी खाली. पांढुर्णा आता जिल्हा झाला, कलेक्टर बसले, पण रपटा आहे तिथंच आहे. वर पाऊस झाला की पाणी रपट्यावरून वाहतं, आणि ड्रायव्हरला रस्त्याची कड दिसेनाशी होते. तेव्हा कंडक्टरनं उतरायचं, चपला काढायच्या, बांबू घ्यायचा आणि पाण्यातून चालत जायचं. पाणी घोट्याच्या वर लागलं की परत फिरायचं, गाडी घालायची नाही. घोट्याखाली असलं तरी काठावर एक खडा ठेवायचा. दौलतची तंबाखू मळून होईपर्यंत खडा बुडाला, तर पाणी चढतं आहे. उघडाच राहिला, तर उतरतं आहे. एवढंच शास्त्र. माझ्या हातात दुसरी कोणती सत्ता नाही, पण त्या रपट्यावर मी हो म्हटलं तर गाडी जाते आणि नाही म्हटलं तर तहसीलदार बसले असले तरी जात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही मी बायकोलाही उशिरा सांगितली.

एका रपट्याला लागूनच एक गाव आहे. तिथल्या शांताकाकू म्हणजे चांगल्या घरच्या. कपाशी, संत्र्याची बाग, दोन बैलजोड्या. त्यांच्या लेकीनं, सीमानं, सौंसरला लग्न केलं. आमच्यातल्या मुलाशी केलं, नगरपालिकेत नोकरीला आहे तो. काकांनी सांगून टाकलं, तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. घरात मोबाईल एक, तो काकांच्या खिशात. सीमानं एकदोनदा केला, त्यांनी कापला. मग तिनंही सोडलं. पोरगी बापावरच गेली होती.

त्या वर्षीच्या पोळ्याला सकाळी गाडी गावात थांबली तेव्हा काकू फाट्यावर उभ्या होत्या. पदराखाली स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. काका नाल्यावर बैल धूत होते, म्हणून काकूंना जमलं.

"सुभाष, हा सीमाले देजो. पुरनाच्या पोळ्या हायेत."

"काय सांगू?"

"काई नको सांगू. डब्यावर माहं नाव कोरलेलं हाय, वळखते थे. तू मुका हायेस म्हनून तुह्याजवळ देऊन रायली."

लग्नानंतर काकूंनी लेकीला पाठवलेली ही पहिली वस्तू. हे मला माहीत होतं. नंतर मी जे केलं ते माहीत असून केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

गावचा रपटा आम्ही ओलांडला आणि पावसानं धरलं. पुढच्या रपट्यापर्यंत पोचलो तर पाणी कमरेएवढं. गाडी मागं घेतली, तोवर गावच्या रपट्यावरूनही लोंढा सुरू. दोन नाल्यांच्या मध्ये आम्ही, भोवती कपाशी आणि वरून पाऊस. दुपार झाली. गाडीत एक रिटायर गुरुजी होते, त्यांना साखरेचा आजार. त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. भाजीवाल्या कांताबाई म्हणाल्या, "याह्यची साखर उतरली. गोड द्या काई तोंडात."

कोणाकडं काही निघेना. गोड माझ्याच सीटखाली होतं.

मी डबा सोडला. गुरुजींना एक पोळी दिली. ती बरोबर होती, आजही म्हणतो. गुरुजी सावरले आणि म्हणाले, "वा, जायफळ आहे." तिथंच मी झाकण लावायला हवं होतं. पण पुरणाचा वास गाडीभर गेला होता, आणि पोळ्याच्या दिवशी सगळी गाडी उपाशी. लहान पोरं डब्याकडं पाहत होती. कांताबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला आणि वाटायलाच बसल्या. दौलत म्हणाला, "अर्धी मले." मीही खाल्ली. दीड. गुरुजींची पोळी औषध होती. माझी दीड निव्वळ चव होती, आणि ती चव मला अजून आठवते हीच पंचाईत आहे.

पाणी उतरल्यावर सौंसरला पोचलो. सीमाचं घर स्टँडपासून जवळ. मी गेलो नाही. काय घेऊन जाणार? रिकामा डबा स्टँडच्या नळावर घासला आणि ठरवलं, परत जाताना काकूंना खरं सांगून टाकायचं. पण संध्याकाळी फाट्यावर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, गाडी बंद. डबा माझ्या घरी राहिला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. बायकोनं विचारलं, "कोनाचा डबा हाय?" मी म्हटलं, "सवारीचा," म्हणजे गाडीतल्या प्रवाशाचा. तिनं पुढं काही विचारलं नाही आणि जवसाची चटणी गच्च भरून ठेवली. तिच्या दृष्टीनं तो शिष्टाचार होता. मी पाहिलं, आणि गप्प बसलो.

पुढच्या फेरीला काकू फाट्यावर होत्या. मी डबा पुढं केला. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण त्यांना डब्याचं वजन लागलं. त्यांनी तिथंच फडकं सोडलं, बोटानं चटणी चाखली आणि त्यांचे डोळे भरले.

"जवसाची हाय. सीमाले त येतच नोव्हती करता. सासूनं शिकवली असंन." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाई चांगली असंन रे ते. भरून धाडला डबा."

दौलतनं हॉर्न मारला. मी गाडीत चढलो. उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

महालक्ष्म्यांच्या वेळी काकूंनी करंज्या दिल्या. या खेपेला मी डबा छातीशी धरून नेला, थेट सीमाच्या दारात. तिनं डबा हातात घेतला, वरचं नाव वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, जमलं.

"मामा, बाबांनं धाडला का आईनं?"

"काकूंनी."

"मंग पोळ्याले काहून नाही आठवली मी? पोळ्याच्या दिवशी दर लेकीच्या घरी डबा येते. माह्या शेजारनीकडं दोन आले. मी दिवसभर दारात बसली होती, मामा. माह्या सासूनं पाह्यलं." तिनं डबा माझ्या हातात परत ठेवला. "घेऊन जा. मले उरलेल्या सणाचं नको."

तिथं एक वाक्य बोलायचं होतं. पोळ्याचा डबा आला होता, मी खाल्ला. इतकंच. पण तिच्या मागं तिची सासू उभी, शेजारीण ऐकते आहे, आणि मी मुका. "बरं" म्हणालो आणि निघालो. ते "बरं" मला दीड पोळीपेक्षा जड गेलं.

भरलेला डबा काकूंना परत कसा देणार? करंज्या घरी नेल्या. बायको म्हणाली, "ही सवारी लय मायाळू हाय बापा," आणि पुन्हा जवसाची चटणी भरली. तोही डबा मी काकूंच्या हातात ठेवला. करंज्यांतली एकही मी खाल्ली नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून सांगतो.

मग एका शनिवारी काकू हिरवं लुगडं नेसून गाडीत चढल्या. हातात नारळ. पुढच्या सीटवर बसल्या आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"घरी सांगतलं जामसांवलीले जातो. पन जातो सीमाकडं. त्या विहीनबाईले भेटतो. दोन डाव चटणी धाडली तिनं, अन् मी तोंडही नाही दाखवलं. बरं दिसते का?"

ही बाई आता लेकीच्या दारात जाऊन चटणीचे आभार मानणार, आणि तिकडं लेक म्हणणार कसली चटणी. बरं, लेक दार उघडेल का, हाही प्रश्नच. उघडलं नाही तर काकू त्या दारात पुन्हा कधी जाणार नाहीत, आणि त्याला कारण मी.

गाव सुटलं की लगेच रपटा. त्यावर पाणी होतं. मी चपला काढल्या, बांबू घेतला, उतरलो.

पाणी घोट्याच्या खाली. खडा ठेवला. दौलतनं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला. खडा उघडा. पाणी उतरत होतं. मी तरीही तिथंच उभा राहिलो, कारण मला एक सोपी वाट दिसली होती. नुसतं हात हलवून "नाही जात" म्हणायचं. दौलत गाडी वळवेल. काकू चार पावलं चालत घरी जातील. सीमाच्या दारातलं सगळं टळेल. कोणी शंका घेणार नाही, पाण्यावर माझा शब्द कोणी तपासत नाही. इतकी वर्षं ओलाव्यात घालवली, पण पाण्याबद्दल मी कधी खोटं बोललो नव्हतो. माझ्याकडं तेवढी एकच गोष्ट शाबूत होती.

मी खिडकीशी आलो. काकूंनी डोकं बाहेर काढलं. "कसं हाय पानी?"

"काकू, पोळ्याचा डबा सीमापर्यंत पोचला नाही. गाडी अडकली होती. आम्ही खाल्ला. मीबी खाल्ला."

मागून कांताबाईंचा आवाज आला, "अवं माय, त्या पोळ्या तुह्या होत्या? मी म्हनलं सुभाषच्या घरच्या. मी तीन हानल्या वं."

"तू चूप रह्य," काकू मागं न पाहता म्हणाल्या. मग मला, "अन् चटणी?"

"माह्या बायकोची."

"दोनी डाव?"

"दोनी डाव."

"करंज्या?"

"सीमानं नाही घेतल्या. म्हने, पोळ्याच्या दिवशी दिवसभर दारात बसली होती."

टपावर पावसाचा ताशा चालू होता. काकूंनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर ठेवला. दारात बसलेली लेक त्यांना दिसत असावी. मला तर रोज दिसत होती.

मी म्हटलं, "परत गावात सोडून देऊ का? गाडी लावतो मागं."

"तुह्या बायकोले सांगजो, लसून जास्त टाकते." मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "पानी चढून रायलं का उतरून रायलं?"

"उतरून रायलं."

"मंग चाल."

मी पुढं, गाडी मागं.

सौंसरला उतरल्यावर काकूंनी माझं मनगट धरलं. "तू सोबत ये." दारात सीमा आली. आईला पाहून तिचा चेहरा आधी उघडला आणि मग बंद झाला. ती काही बोलायच्या आत काकूंनी मला पुढं ढकललं.

"पोळ्याच्या दिवशी पहाटे उठून केल्या होत्या पोळ्या. धाडल्या होत्या. या मानसानं खाल्ल्या."

सीमा माझ्याकडं वळली. "मामा?"

मी मान हलवली.

"अन् करंज्या आनल्या तवा सांगतलं नाही?"

"नाही."

"मी बोंबलून बोंबलून बोलली तुमच्यासमोर, अन् तुम्ही बरं म्हनून चालले गेले?"

"अन् मले चटणी आनून देल्ली याह्यनं," काकू म्हणाल्या. "मी त्या चटणीले हात जोडले."

"कोनती चटणी?" आतून सासूबाई आल्या. मग त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सीमा अर्धं वाक्य बोले, काकू पुरं करीत, सासूबाई मध्येच "असा कसा मानूस हाय बापा" म्हणत. तिघी मिळून मला बोलत होत्या आणि बोलता बोलता घरात सरकत होत्या. काकूंनी उंबरा केव्हा ओलांडला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी एकटाच बाहेर, पागोळ्यांखाली. इतक्या मनापासून मला आजवर कोणी झापलं नव्हतं. आतून सीमाचा आवाज आला, "अन् किती खाल्ल्या याह्यनं एकट्यानं?"

"दीड," मी बाहेरून म्हणालो.

आत कोणीतरी हसलं. कोण, ते दिसलं नाही.

संध्याकाळी परतीच्या आधी काकूंना घ्यायला गेलो. दार उघडंच. काकू पलंगावर, सीमा खाली त्यांच्या पायांशी पाठ करून बसलेली, आणि काकू तिच्या केसांना तेल लावत होत्या. सासूबाई चहा ठेवत होत्या. ऊन पडलं होतं. दुपारपासून पाऊस उघडला होता.

"निघू का?" काकू म्हणाल्या, पण हात थांबला नाही.

मी म्हटलं, "काकू, रपट्यावर पाणी आहे. आज तुम्हाला नाही नेता येत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दारातून आत आलेल्या उन्हाकडं. "सकाळी त उतरून रायलं होतं."

"चढलं."

"चढन बापा," त्या म्हणाल्या. "भादव्याचं पानी, त्याचा भरवसा नाही." आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली.

स्टँडवर येऊन मी काकांना फोन लावला. "काका, सुभाष कंडक्टर बोलतो. रपट्यावर पाणी आहे. काकूंना आज सौंसरलेच थांबा लागन."

पलीकडून काकांनी विचारलं, "जामसांवलीले गेली न थे? सौंसरले कोनाकडं थांबन?"

मी मुका झालो. त्या वेळी त्याचा उपयोग झाला.

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मला उमगलं, काकांचं घर रपट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या ओसरीतून नाला दिसतो. दौलतला सांगितलं तर तो हसून स्टेअरिंगवर पडला. "थाप मारायची होती त दूरच्या रपट्याची तरी मारायची बे."

दिवस मावळायला आम्ही गावाजवळ आलो. रपटा कोरडा. सकाळचं पाणी जाऊन सिमेंटवर पांढुरके डाग पडले होते. आणि पलीकडच्या काठावर काका उभे, मिटलेली छत्री टेकून. दौलतनं गाडी हळू केली. माझ्याकडं पाहिलं, पुढं पाहिलं. उतरून बांबू घ्यायचं काही कारण नव्हतं. गाडी कोरड्या रपट्यावरून खडखडत गेली, आणि मी दारात उभा, सगळ्या गावाला दिसेल असा.

काकांनी हात केला. दौलतनं ब्रेक मारला. गाडीतले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांशी आले. काका दारापाशी आले. गाडीच्या कोरड्या चाकांकडं पाहिलं, मग वाकून रपट्याकडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पानी लय हाय रे," ते म्हणाले. "दोन-चार रोज काई उतरत नाही हे."